मोबाईल फोनवरील सर्व्हर

२२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठी व शिव या नद्यांचें पाणी चिपळूण शहरांत शिरलें आणि वीज व फोन हे दोन्ही आधार तुटले. त्याच्या आदल्या वर्षीं, ३ जून २०२० रोजीं, निसर्ग चक्रीवादळानें दापोली व मंडणगड तालुक्यांची अशीच दैना केली. तेथील पुष्कळ गांवें कित्येक दिवस विजेवांचून व संपर्कावांचून राहिलीं. अशा वेळीं फोन लोकांच्या खिशांतच असतो, त्याच्या बॅटरींत शक्तीही उरलेली असते. तरी वरच्या मजल्यावरील मनुष्यास खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याला चार शब्दांचा निरोप त्या फोनवरून धाडतां येत नाहीं. असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं 'सर्व्हर' म्हणजे काय, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

सर्व्हर म्हणजे सेवा करणारा. हें एखाद्या यंत्राचें नांव नसून कामाचें नांव आहे. कोणी कांहीं मागण्याची वाट पाहत बसणें आणि मागणी येतांच ती पुरविणें, एवढेंच हें काम होय. आपण शेजाऱ्यास धाडलेला निरोप सरळ त्याच्याकडे जात नाहीं. तो आधीं मनोऱ्याकडे, तेथून तारांच्या वाटेनें शेंकडों मैलांवरील एखाद्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, व त्याच वाटेनें परत येऊन शेजाऱ्याच्या हातीं पडतो. या वाटेवरील एक दुवा निखळला कीं दहा पावलांवरील दोन फोन एकमेकांस परके होतात.

मग हें सेवेचें काम हातांतील फोनकडूनच कां करून घेऊं नये? तें करून घेतां येतें. अँड्रॉइड फोनचा पाया 'लिनक्स' या प्रणालीचा आहे, आणि जगांतील असंख्य मोठे सर्व्हरही त्याच पायावर उभे आहेत. 'टर्मक्स' नांवाचें एक विनामूल्य ॲप घेतलें म्हणजे मोठ्या संगणकावर चालणारे सर्व्हरचे प्रोग्राम फोनवरही चालूं लागतात. ही कल्पना अगदीं नवी नव्हे. फिनलंडच्या नोकिया कंपनीच्या संशोधकांनीं २००६ सालच्या सुमारास 'अपाची' हा प्रसिद्ध सर्व्हर फोनवर चालवून दाखविला होता.

असा सर्व्हर चालतो तरी कसा? प्रत्येक यंत्रास एक आंकडी पत्ता असतो व त्या पत्त्यावर ६५,५३६ क्रमांकित दारें कल्पिलेलीं असतात. त्यांस 'पोर्ट' म्हणतात. १०२४ च्या खालचीं दारें उघडण्याचा अधिकार फोन साध्या ॲपला देत नाहीं; म्हणून फोनवरील सर्व्हर बहुधा ८०८० सारख्या वरच्या दाराशीं बसतो. पाहुणा हांक मारतो, सर्व्हर ओ देतो, आणि ती ओ ऐकूं आल्याचें पाहुणा कळवितो. या तीन पायऱ्या झाल्या म्हणजे जोडणी पक्की होते. पाहुणे पुष्कळ झाले तर काय करावें? प्रत्येक पानापाशीं एकेक वाढपी उभा करणें ही जुनी रीत. तींत फोनची तुटपुंजी स्मरणशक्ति लवकरच खर्चीं पडते. एकाच वाढप्यानें सबंध पंगतीवर नजर ठेवावी व ज्याच्या पानांत उणें पडेल त्यालाच वाढावें, ही नवी रीत. २००४ सालीं प्रसिद्ध झालेला 'एन्जिन-एक्स' हा सर्व्हर याच रीतीनें चालतो, आणि फोनसारख्या लहान यंत्रास ती फार सोयीची पडते.

खरी अडचण पुढेंच आहे. कोंकणांतील वाडींत 'वरचें घर', 'खालचें घर' एवढें म्हटलें तरी पुरतें. परंतु रत्नागिरीच्या पोस्टांत त्या नांवानें पत्र टाकलें तर तें पोंचणार नाहीं. फोनचा पत्ता बहुधा असाच वाडीपुरता असतो. जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर ४२९ कोटींच्या आंतबाहेर आहेत, आणि आशिया खंडाच्या वांट्याचा त्यांचा मोकळा सांठा एप्रिल २०११ मध्यें जवळजवळ संपला. म्हणून फोन-कंपन्या हजारों फोन थोड्याशा सार्वजनिक पत्त्यांआड ठेवतात व कोणाचें पत्र बाहेर गेलें याची वही राखतात. उत्तर आलें कीं वही पाहून तें योग्य घरीं पोंचतें. पण अनोळखी माणसानें आपण होऊन धाडलेल्या पत्राची वहींत नोंदच नसते, तेव्हां तें दारावरूनच परत जातें. नव्या पद्धतीचे पत्ते विपुल आहेत, तरी तेथेंही बाहेरची हांक पुष्कळदां अडविली जाते. यावर उपाय म्हणजे फोननेंच बाहेरच्या एखाद्या मध्यस्थ सर्व्हरशीं जोडणी राखावी व पाहुण्यांनीं त्या मध्यस्थाकडे यावें. नोकियाच्या संशोधकांसही हाच मार्ग धरावा लागला होता.

जोडणी राखणें हेंही सोपें नाहीं. बराच वेळ बोलणें झालें नाहीं तर वहींतील नोंद पुसली जाते; म्हणून मधून मधून 'मी आहें' असें कळवीत राहावें लागतें. उलट, बॅटरी वांचावी म्हणून २०१५ पासून अँड्रॉइड फोन पडल्या पडल्या गाढ झोंपूं लागले; सर्व्हरला जागें ठेवण्याची वेगळी तजवीज करावी लागते. शिवाय फोन घरच्या वायफायवरून मनोऱ्याच्या जाळ्यावर गेला कीं त्याचा पत्ता बदलतो, आणि पत्त्यावर बांधलेली जोडणी तुटते. २०२१ सालीं मान्य झालेल्या 'क्विक' या नियमावलींत जोडणीची ओळख पत्त्याऐवजीं एका स्वतंत्र खुणेवर ठेवली आहे, त्यामुळें ती जोडणी स्थलांतरांतही टिकूं शकते.

या मर्यादांवरून फोनवरील सर्व्हर निरुपयोगी ठरतो काय? मुळींच नाहीं. बाहेरच्या जगास सेवा देण्यांत तो दुबळा आहे, पण वाडीच्या आंत तो समर्थ आहे. फोनचा 'हॉटस्पॉट' सुरू केला कीं मनोरा बंद असतांही भोंवतालचे आठ-दहा फोन त्याला जोडले जाऊं शकतात. १९२.१६८ या आंकड्यांनीं बहुधा आरंभ होणारा त्याचा पत्ता व दाराचा क्रमांक ब्राउझरमध्यें लिहिला म्हणजे त्यावरील पान उघडतें. पुराच्या वेळीं शाळेंत आसरा घेतलेल्या माणसांचीं नांवें, कोणाला कोणतें औषध हवें, पिण्याचें पाणी कोठें आहे, हें सर्व त्या पानावर लिहितां व वाचतां येईल. चिपळुणाहून रत्नागिरीस निरोप धाडणें मात्र त्याला साधणार नाहीं. त्याची हांक कांहीं दशक मीटरांपलीकडे जात नाहीं.

हें सामर्थ्य ऐन पुरांत मिळवितां येत नाहीं, कारण ॲप व प्रोग्राम उतरवून घेण्यास तेंच तुटलेलें जाळें लागतें. म्हणून मृग लागण्यापूर्वीं गांवोगांवच्या तरुणांनीं एखाद्या जुन्या फोनवर ही व्यवस्था करावी, हॉटस्पॉटला परवलीचा शब्द द्यावा, जवळ भरलेली पॉवर बँक ठेवावी, आणि मनोऱ्याचें जाळें मुद्दाम बंद करून एकवार सर्व चालतें कीं नाहीं तें पाहावें. कौलें परतण्याच्या कामाबरोबरच हें काम एका संध्याकाळीं उरकण्याजोगें आहे.