विकी हर्नांदेझ व इतर विरुद्ध होंडुरास

विकी हर्नांदेझ व इतर विरुद्ध होंडुरास हा आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी निकाली काढलेला खटला होय. मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशात २००९ साली एका पारलिंगी स्त्रीची हत्या झाली. पारलिंगी स्त्री म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःला स्त्री मानणारी व स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती. या हत्येबद्दल न्यायालयाने होंडुरासच्या राज्यसंस्थेला जबाबदार ठरवले. गोळी कोणी झाडली हे निकालाच्या वेळीही सिद्ध झालेले नव्हते. मारेकरी अज्ञात असताना देश दोषी कसा ठरू शकतो, या प्रश्नाच्या उत्तरामुळे हा निकाल मानवी हक्कांच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

== घटना ==

२८ जून २००९ रोजी पहाटे होंडुरासच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष मानुएल सेलाया यांना ताब्यात घेऊन विमानाने कोस्टा रिकात नेऊन सोडले. त्याच रात्री देशभर संचारबंदी लागू झाली. विकी हर्नांदेझ सान पेद्रो सुला या शहरात राहत असत. त्या देहविक्रय करून उदरनिर्वाह करीत आणि पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ‘उनिदाद कोलोर रोसा’ या संघटनेत कार्यरत होत्या. त्या रात्री त्या मैत्रिणींसह रस्त्यावर असताना पोलिसांच्या गस्ती गाडीने त्यांना पकडण्याचा प्रयत्न केला व त्या सर्वजणी पळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विकी यांचा मृतदेह रस्त्यावर आढळला. डोक्यात गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला होता.

पुढील तपास नावापुरताच राहिला. त्या रात्रीच्या गस्तीवरील पोलिसांचा माग नीट काढला गेला नाही. सरकारी कागदपत्रांत मृत व्यक्तीची नोंद पुरुष म्हणून होत राहिली. हत्येमागे लिंगओळखीविषयीचा द्वेष असू शकतो, ही शक्यता तपासयंत्रणेने विचारातच घेतली नाही.

== राज्यसंस्थेच्या जबाबदारीचे तत्त्व ==

सामान्य फौजदारी कायदा गुन्हा करणाऱ्या व्यक्तीचा शोध घेतो. मानवी हक्कांच्या कायद्यापुढील प्रश्न वेगळा असतो. देशाने आपले कर्तव्य पाळले की नाही, एवढेच तेथे तपासले जाते. हे कर्तव्य दुहेरी आहे. सरकारी नोकरांनी स्वतः कोणाचा जीव घेता कामा नये, हा त्याचा पहिला भाग. खाजगी व्यक्तींकडून होणारी हिंसा रोखण्यासाठी आणि ती घडल्यास तिचा छडा लावण्यासाठी यंत्रणेने प्रामाणिकपणे झटले पाहिजे, हा दुसरा. या दुसऱ्या भागास ‘यथोचित तत्परता’ असे म्हणतात.

हे तत्त्व ज्या निकालातून रूढ झाले तो निकालही होंडुरासविरुद्धचाच आहे. होंडुरासने ९ सप्टेंबर १९८१ रोजी या न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि अवघ्या तीन दिवसांनी मानफ्रेदो वेलास्केस हा विद्यार्थी राजधानीतून बेपत्ता झाला. २९ जुलै १९८८ रोजी त्या खटल्याचा निकाल देताना न्यायालयाने नियम घालून दिला. कृत्य करणारा खाजगी इसम असो वा अज्ञात असो, प्रतिबंध व तपास यांत तत्परता दाखवली गेली नाही तर देश जबाबदार ठरतो. पुढे मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस येथील स्त्रियांच्या हत्यांविषयीच्या २००९ च्या निकालात न्यायालयाने हेच सूत्र स्त्रियांवरील हिंसेला लागू केले. एखाद्या समूहाला असलेला धोका यंत्रणेला ठाऊक असेल, तर तिची जबाबदारी अधिक वाढते, असे त्या निकालात स्पष्ट करण्यात आले.

== न्यायालयाचे निष्कर्ष ==

तपासातील उणिवांची जबाबदारी होंडुरासने सुनावणीत अंशतः मान्य केली. हत्येतील सहभाग मात्र नाकारला. न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी जोडली. संचारबंदीमुळे त्या रात्री रस्ते पोलीस व लष्कर यांच्याच ताब्यात होते. मृत्यूपूर्वी गस्ती गाडीने विकी यांचा पाठलाग केला होता. पारलिंगी स्त्रियांवर, विशेषतः देहविक्रय करणाऱ्यांवर, पोलिसांकडून होणारी हिंसा त्या काळी सर्वज्ञात होती. या सर्वांवरून सरकारी नोकरांच्या सहभागाकडे निर्देश होतो, आणि हा निर्देश खोडून काढणारा तपास देशाने केलेलाच नाही, असे न्यायालयाने म्हटले. येथे तपासातील कुचराई हा स्वतंत्र दोष आहेच, परंतु तीच देशाच्या बचावाचा आधारही काढून घेते. या निकालातील सर्वांत मार्मिक भाग हाच म्हणावा लागेल.

विकी यांना स्वतःच्या नावाने व ओळखीने जगू देणारी कोणतीही कायदेशीर तरतूद देशात नव्हती, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. कायद्यातील हा नकार समाजातील भेदभावाला बळ देतो, असे निकालात नमूद आहे. लिंगओळखीनुसार नाव व नोंद बदलून मिळणे हा हक्क असल्याचा सल्ला याच न्यायालयाने २०१७ साली कोस्टा रिकाच्या विनंतीवरून दिला होता.

== बेलेम दो पारा कराराचा अन्वय ==

स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा अमेरिका खंडातील करार १९९४ साली ब्राझीलमधील बेलेम येथे संमत झाला. त्यात पारलिंगी स्त्रियांचा उल्लेख नाही. बहुमताने न्यायालयाने हा करार त्यांनाही लागू होतो असे ठरवले. न्यायालयाने असा निर्णय प्रथमच दिला. वंश, वय, दारिद्र्य अशा कारणांनी अधिक असुरक्षित ठरणाऱ्या स्त्रियांचा विचार करण्यास करार सांगतो, त्या कारणांत लिंगओळखीचाही समावेश होतो, असा बहुमताचा तर्क होता. न्यायालयाच्या तत्कालीन अध्यक्षा एलिझाबेथ ओदिओ बेनितो आणि न्यायाधीश एदुआर्दो व्हिओ ग्रोसी यांनी या मुद्द्यावर भिन्नमत नोंदवले. करार जैविक अर्थाने स्त्री असलेल्यांसाठी रचला गेला, अशी ओदिओ बेनितो यांची भूमिका होती. करार करणाऱ्या देशांच्या संमतीपलीकडे न्यायालयाने जाऊ नये, यावर व्हिओ ग्रोसी यांचा भर होता. हा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र हा करार लागू होत नाही असे मानले, तरी जीविताच्या हक्काचा भंग झाल्याचा निष्कर्ष कायम राहतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

== आदेश व अंमलबजावणी ==

हत्येचा नव्याने तपास करणे, जाहीर माफी मागणे, पोलीस व सैनिकांना प्रशिक्षण देणे, पारलिंगी स्त्रियांसाठी विकी यांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू करणे आणि लिंगओळख नोंदवण्याची कार्यपद्धती निर्माण करणे, असे आदेश न्यायालयाने दिले. निकाल २८ जून २०२१ रोजी, म्हणजे लष्करी उठावाच्या बाराव्या स्मृतिदिनी, जाहीर झाला. ९ मे २०२२ रोजी राष्ट्राध्यक्षा सिओमारा कास्त्रो यांनी देशाच्या वतीने जाहीर माफी मागितली. त्या २००९ साली पदच्युत झालेल्या सेलाया यांच्या पत्नी आहेत.

दक्षिण आशियात असे प्रादेशिक न्यायालय अस्तित्वात नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात लिंगओळखीचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात हस्तक्षेपकर्त्या होत्या. मात्र तपासातील कुचराईबद्दल देशाला विकी यांच्या कुटुंबीयांप्रमाणे प्रादेशिक न्यायालयापुढे उभे करण्याचा मार्ग भारतीय नागरिकास उपलब्ध नाही.

होंडुरासला दिलेल्या आदेशांत एक साधा वाटणारा आदेशही आहे. अशा हत्यांची व अन्य हिंसेची सरकारी आकडेवारी नियमितपणे गोळा करावी, असे त्यात म्हटले आहे. तोवर होंडुरासमध्ये अशा मृत्यूंची मोजदाद प्रामुख्याने ‘कात्राचास’ ही संघटना करीत होती. विकी यांच्या कुटुंबाची बाजू न्यायालयात मांडणाऱ्यांत हीच संघटना होती.