मुंबई किती दूर?

रात्री घरून फोन येतो, "आईला दवाखान्यात नेलंय," आणि आपण पहिला हिशेब करतो तो तासांचा. कुवेत ते मुंबई सरळ रेषेत सुमारे २,७५० कि.मी. जाताना विमानाला साधारण पावणेचार तास लागतात, येताना अर्धा तास अधिक. कारण उंचावरचे पश्चिमी वारे जाताना पाठीशी असतात, येताना तोंडावर. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो. भारताचे घड्याळ अडीच तास पुढे. म्हणून इथून रात्री अकराला निघालेला माणूस तिथे पहाटे सव्वापाचला उतरतो. पुढे पुणे गाठायला रस्त्याने कधीकधी विमानाइतकाच वेळ जातो!

पण २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, विमानतळ बंद पडला आणि हा सगळा हिशेब कोलमडला. आपल्या लोकांना बगदादमार्गे अम्मान गाठावे लागले. वाळवंटातून सुमारे दीड हजार कि.मी., वाटेत छावण्यांतला मुक्काम, आणि तिथून मुंबई जवळजवळ चार हजार कि.मी. एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून लाखावर माणसे सुखरूप घरी पोचवली. पावणेचार तासांची वाट अनेकांना कित्येक दिवसांची झाली.

तेव्हा मंडळी, पासपोर्टची आणि इकाम्याची मुदत आजच पाहून ठेवा, घरातल्या मुलांचीसुद्धा. त्या फोननंतर कागद शोधण्यात गेलेला तास कुठलाही वारा भरून देत नाही.