ज्वालामुखीमुळे पृथ्वी तापते की थंड होते?



वर्गात ज्वालामुखीचं चित्र दाखवलं की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, एवढी आग बाहेर पडते, म्हणजे पृथ्वी त्यानेच तापते ना?" खरं सांगते, पूर्वी मीही "हो" म्हणून पुढे गेले होते. ते उत्तर चूक होतं.

१५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू थेट स्थितांबरात पोहोचला. तिथे या वायूपासून सल्फ्युरिक आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब तयार झाले. इतक्या उंचीवर पाऊस नसतो, त्यामुळे ते लवकर धुऊन निघाले नाहीत. वाऱ्याबरोबर ते पृथ्वीभर पसरले आणि सूर्यप्रकाशाचा काही भाग परत अवकाशात पाठवू लागले. पुढच्या वर्षभरात पृथ्वीचे सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरले! दोन-तीन वर्षांत थेंब खाली बसले आणि तापमान पुन्हा चढू लागले.

त्याआधी एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा याहूनही मोठा उद्रेक झाला होता. १८१६ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या काही भागांत उन्हाळा जाणवलाच नाही. पिके बुडाली, धान्य महागले, लोक उपाशी राहिले.

मग ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत का? सोडतात. पण माणूस कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून दरवर्षी ३,५०० कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. जगातल्या सगळ्या ज्वालामुखींचा वर्षाचा वाटा त्याच्या दोन टक्केही भरत नाही.

वर्गात हे असं दाखवा. एका मुलाला उन्हात छत्री धरून उभं करा. हा झाला ज्वालामुखीचा सल्फर. दुसऱ्याच्या अंगावर गोधडी टाका. हा कार्बन डायऑक्साइड. छत्री दोन-तीन वर्षांत मिटते. गोधडी शेकडो वर्षं राहते आणि आपण दरवर्षी तिच्यावर आणखी एक टाकतो. गोधडीतला मुलगा लगेच ओरडतो, "बाई, काढा ना!"

म्हणून पालकहो, "तापमानवाढ ज्वालामुखीमुळे होते, आपण काय करणार?" असं मुलांसमोर कुणी म्हटलं, तर हा हिशोब नक्की सांगा. गोधडी आपण घातली आहे, म्हणजे ती घालणं थांबवणंही आपल्याच हातात आहे.