खाज, मलमाची ट्यूब आणि परकराची नाडी

पाऊस सुरू झाला की गटाच्या बैठकीत एक गोष्ट हमखास दिसते. हप्ते गोळा होत असतात आणि कुणीतरी पदराआडून हळूच कंबर खाजवत असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, घामोळं आहे." पुष्कळदा ते घामोळं नसतं. म्हणून आज खाजेबद्दल आणि अंगावर उगवणाऱ्या चामखिळींबद्दल न लाजता बोलू.

आपल्यात जास्त दिसतं ते गजकर्ण. काहीजणी त्याला नायटा म्हणतात. गोल चट्टा, कड लाल आणि थोडी उचललेली, कडेला कोंडा, आणि मधला भाग त्यामानाने साफ. जांघेत, कमरेला, स्तनांखाली, म्हणजे जिथे घाम साचतो आणि हवा लागत नाही, तिथे ते धरतं. ही बुरशी आहे. वांगं खाल्लं किंवा रक्त बिघडलं म्हणून ते येत नाही. घरातल्या एकाचं दुसऱ्याला लागतं, एकाच टॉवेलावरून, एकाच पांघरुणावरून.

आता खरी गोष्ट. जागा अवघड, दाखवायची लाज. मग नवऱ्याला किंवा मुलाला मेडिकलवर पाठवून खाजेची ट्यूब मागवली जाते. तीन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. बाई खूश. ट्यूब संपली की आठवड्यात चट्टा परत येतो, आधीपेक्षा मोठा. पुन्हा तीच ट्यूब. असं वर्ष वर्ष चालतं.

याचं कारण ट्यूबमध्ये आहे. अशा पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. बुरशी शिरली की आपली कातडी तिच्याशी झगडते, त्यातूनच लाली आणि खाज येते. स्टेरॉइड हा झगडा बंद पाडतं. बाहेरून शांत दिसतं, पण आत बुरशीला मोकळं रान मिळतं. चट्ट्याची गोल कडही पुसली जाते, त्यामुळे नंतर डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड होतं. शिवाय रोज लावून कातडी पातळ होते. जांघेत पट्टे पडतात, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे, आणि ते जात नाहीत. हीच ट्यूब चेहऱ्यावर गोरेपणासाठी लावणाऱ्या मुलींना पुटकुळ्या आणि लव येते, ती वेगळीच.

2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, असा नियम केला. तरी ती सहज मिळतात. तेव्हा घरात असलेली ट्यूब शिकणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, यातलं एकही नाव दिसलं तर ती गजकर्णावर लावू नका. स्टेरॉइड वाईटच असतं असं नाही. इसबासारख्या दुखण्यात डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात. पण गजकर्णावर ते नको. महिनोन्महिने लावलं असेल तर बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल. घाबरून परत लावू नका, डॉक्टरांकडे जा आणि ट्यूब सोबत न्या.

साध्या गजकर्णाला क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचं साधं मलम चालतं. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण दोन आठवडे, लावत राहायचं. इथेच आपण चुकतो, खाज गेली की ट्यूब फडताळात. चट्टे बरेच असतील तर गोळ्याही लागतात, त्या मनाने घेऊ नका. अंघोळीनंतर जांघ कोरडी पुसा आणि पावसाळ्यात ओलसर चड्डी-परकर घालू नका. इस्त्री असेल तर शिवणींवरून फिरवा.

खरजेची गोष्ट वेगळी. ती बारीक किड्यामुळे होते. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुटकुळ्या येतात, आणि घरात एकापेक्षा जास्त माणसं खाजवत असतात. तिला पर्मेथ्रिनचं मलम लागतं. ते मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीसुद्धा. सकाळी अंघोळ, आणि आठवड्याने परत एकदा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात घाला. गोधडी धुता येत नसेल तर प्लास्टिकच्या पोत्यात आठवडाभर बांधून ठेवा, अंगापासून दूर हा किडा दोन-तीन दिवसांवर जगत नाही. किडा मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक चट्टा मात्र खाजतच नाही. फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे टोचलेलं कळत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. आशाताईंना दाखवा, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

चामखीळ दोन प्रकारची. हातापायावरची खरखरीत, ती विषाणूची, खाजवून पसरते. मानेवर, काखेत लोंबणारी मऊ, ती निरुपद्रवी. पण अशा मऊ चामखिळी भराभर वाढल्या आणि मानेची कातडी काळी, जाड झाली तर रक्तातली साखर तपासून घ्या. घोड्याचा केस बांधणं, चुना-सोडा, बिब्बा, हे सगळं सोडा. बिब्ब्याने कातडी भाजते आणि चामखिळीपेक्षा मोठा डाग राहतो.

शेवटी कमरेचं. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळली की तिथे काळा, खाजरा पट्टा पडतो. बहुतेकींचं तेवढ्यावरच थांबतं. पण क्वचित तिथे जखम होते आणि ती भरत नाही. 2024 साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर बायकांची माहिती छापली, दोघींच्या जखमेत कातडीचा कॅन्सर निघाला. त्यातली एक परकर न घालता लुगडंच घट्ट बांधायची. तेव्हा नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, गाठीची जागा बदलत राहा, घरी असताना सैल बांधा. कमरेवरची जखम महिनाभरात भरली नाही, किंवा एखादा तीळ वाढू लागला, रंग बदलला, त्यातून रक्त आलं, तर मलम न लावता ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. प्रवासाला पैसे नसतील तर गटाचं अंतर्गत कर्ज आहे, ते अशा कामालाही मिळतं.