लोकरीचे टोपडे, कानटोपी आणि मफलर

मराठी घरात लोकरीच्या विणकामाला हमखास निमित्त मिळते ते बाळंतविड्याचे. घरातली सून किंवा लेक गरोदर आहे असे कळले की आजी, आत्या किंवा मावशी सुया बाहेर काढते. झबली, दुपटी आणि कुंच्या शिवल्या जातात. टोपडे, पायमोजे आणि छोटा स्वेटर मात्र विणायचा असतो. बारशाला हे सगळे तबकात मांडले जाते आणि आलेल्या बायका प्रत्येक वस्तू हातात घेऊन वीण पाहतात. थोरांसाठीही लोकर विणली जाते. आजोबांना कानटोपी, शहरात शिकणाऱ्या भाच्याला मफलर, सीमेवर असलेल्या जवानाला दोन्ही.

अहिल्यानगर जिल्ह्यात ही भेट शोभेची राहत नाही, वापरात येते. जिल्हा पर्जन्यछायेच्या पठारावर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. नगरचे किमान तापमान थंडीच्या लाटेत १० अंशांखाली जाते आणि अशा दिवसांत राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत त्याचे नाव येते. श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी दौंड–मनमाड लोहमार्गावर, भीमेच्या अलीकडे आहे. इथला शनिवारचा जनावरांचा बाजार आसपासच्या जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. पौषातल्या शनिवारी टेम्पोच्या मागच्या बाजूला जनावरांबरोबर उभे राहून येणाऱ्या माणसाचे कान उघडे असतील तर बाजारात पोहोचेपर्यंत ते बधिर होतात. कृषिपंपांना वीज रात्रीच्या पाळीत मिळाली की उसाला पाणी द्यायला मध्यरात्री बांधावर जावे लागते. त्या वेळी बॅटरी जितकी गरजेची, तितकीच कानटोपी.

या परिसरात मेंढ्यांना तोटा नाही. पावसाळा संपला की धनगरांचे वाडे कळपांसह निघतात आणि काढणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या जातात. काष्टीच्या बाजारातही शेळ्या-मेंढ्या विकायला येतात. मग टोपीची लोकर दूर पंजाबातल्या लुधियानाहून का आणावी लागते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर लोकरीच्या तंतूत आहे. इथली मेंढी दख्खनी जातीची. ती कोरड्या चाऱ्यावर तगते, लांब चालते, उन्हाला दबत नाही. पण तिची लोकर राठ असते. वर्षातून दोनदा कातरणी करूनही एका मेंढीची लोकर किलोभर भरत नाही. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू माणसाच्या कातडीला टोचू लागतात आणि दख्खनी लोकरीतले पुष्कळ तंतू त्याहून जाड असतात. ते कपाळाला आणि कानाला सतत घासले तर खाज सुटते. बाळाच्या टाळूला तर ते चालणारच नाहीत.

या राठपणाचा उत्तम उपयोग पूर्वजांनी शोधला होता, तो म्हणजे घोंगडी. धनगर कुटुंबातल्या बायका चरख्यावर लोकर कातत. घोंगडी विणणारे सनगर समाजातले विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर पट्टे विणत. घोंगडी अंगाला टोचते, पण ती सदऱ्यावरून घ्यायची असते. पावसाचे थेंब तिच्यावरून बराच वेळ निथळत राहतात, जमिनीची ओल वर येत नाही आणि वर्षानुवर्षे वापरूनही ती फाटत नाही. मात्र मागावरचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे असते आणि ते फारसे ताणत नाही. डोक्यावर बसायला कापड सर्व बाजूंनी सैल-घट्ट व्हावे लागते. सुयांवरची वीण एकात एक गुंतलेल्या फासांची असते. ओढली की फास पसरतात, सोडली की पुन्हा जागेवर येतात. टोपीला हीच वीण लागते. घोंगडी आणि कानटोपी ही एकाच थंडीवरची दोन वेगळ्या कामांची उत्तरे आहेत.

सुयांवरचे विणकाम महाराष्ट्रात तुलनेने अलीकडचे आहे. जगातले सर्वांत जुने विणलेले नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत. तिथून ही कला युरोपात पसरली. इंग्लंडमध्ये १५७१ साली तर एक कायदा झाला. सहा वर्षांवरच्या बहुतेक लोकांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी देशी लोकरीची टोपी घालावी, नाहीतर दंड भरावा, असे त्यात होते. हेतू अर्थात टोपी विणणाऱ्यांचा धंदा टिकवण्याचा. विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणायचे यंत्र केले, तरी घरातल्या सुया थांबल्या नाहीत. भारतात हे विणकाम युरोपीय स्त्रियांबरोबर आणि मिशनरी शाळांबरोबर आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ पासून सुरू झाले. या मिशनच्या सिंथिया फरार यांनी तिथे मुलींच्या शिक्षणाचे मोठे काम केले आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतले. त्या काळच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवण आणि हस्तकाम शिकवण्याची रीत होती. पुढे काष्टीपासून फार दूर नसलेल्या केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले आणि पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. एकटीने जगण्याची वेळ आलेल्या स्त्रीच्या हातात कौशल्य असावे, हा विचार दोन्ही संस्थांच्या मुळाशी होता. नंतर महिलांच्या मासिकांनी विणीचे नमुने घरोघर पोहोचवले.

युद्धांनीही सुयांना काम दिले. डोके, कान आणि मान एकत्र झाकणारी, चेहऱ्यापुरती उघडी टोपी १८५३ ते १८५६ च्या क्रिमियाच्या युद्धाच्या आठवणीशी जोडली गेली आहे. आपल्याकडची माकडटोपी तिच्याच घराण्यातली. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले तेव्हा हिमालयातल्या जवानांसाठी देशभरातल्या बायकांनी स्वेटर, मोजे आणि मफलर विणून पाठवले. ज्यांचे कोणीही सैन्यात नव्हते, अशाही घरांतून ते गेले. भेट नात्यातल्याच माणसाला द्यावी असे नसते, याचे हे चांगले उदाहरण.

आता लोकरीविषयी. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. ती खनिज तेलापासून केलेली कृत्रिम लोकर. स्वस्त, रंगीबेरंगी, घरच्या घरी धुता येणारी, कसर न लागणारी. रोज वापरायच्या मफलरला ती उत्तम. तिचा दोष एकच, पण गंभीर आहे. ती जळताना वितळते आणि कातडीला चिकटते. चुलीपुढे, शेकोटीपाशी किंवा बंबाजवळ वावरणाऱ्या माणसाच्या गळ्यात अ‍ॅक्रिलिकचा लोंबता मफलर नको. खरी लोकर सहज पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. गुंडा कशाचा आहे हे ओळखायचे असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर ती खरी लोकर. टोकाला कडक काळा मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. बाळासाठी मऊ ‘बेबी’ लोकर किंवा मेरिनो घ्यावी. नगर-पुण्याकडची थंडी दोन-अडीच महिन्यांची आणि दुपार उबदार असल्याने सुती दोऱ्याची क्रोशाची टोपीही बाळाला पुष्कळ दिवस चालते. लोकर एकदमच घ्यावी. पुढच्या खेपेला त्याच रंगाचा गुंडा मिळाला तरी छटा वेगळी निघू शकते आणि मफलरच्या मधोमध तो फरक दिसतो.

आपल्याकडे सुयांचे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालत आले आहेत. क्रमांक वाढेल तशी सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. मध्यम जाडीच्या लोकरीला ८ नंबर आणि बाळाच्या बारीक लोकरीला १० नंबर बरा.

टोपीत बिघडते ते मापात. वीण सुंदर असूनही टोपी डोळ्यांवर येते किंवा कपाळावर वळ उठवते, कारण टाके अंदाजाने घातलेले असतात. हात प्रत्येकीचा वेगळा असतो, कोणाचा सैल, कोणाचा घट्ट. म्हणून आधी १० सेंटिमीटर रुंदीचा चौकोनी नमुना विणून त्यात किती टाके बसले ते मोजावे. हा अर्धा तास कोणीही वाचवू नये. समजा १० सेंटिमीटरला २० टाके आले. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४६ सेंटिमीटर असतो. वीण ताणली जाते, म्हणून टोपी डोक्यापेक्षा सुमारे एक दशांश लहान करायची, म्हणजे ४२ सेंटिमीटर. त्याला टाके लागतील ८४. गोल सुईवर विणायचे तर ८४, दोन सरळ सुयांवर विणून मागे शिवायचे तर शिवणीचे दोन धरून ८६. कडेला दोन सुलट, दोन उलट अशी वीण घातली की ती लवचिक होऊन कानांवर नीट बसते. टाके घालतानाच सैल घालावेत, नाहीतर वरची वीण कितीही ताणली गेली तरी कड आवळते.

कडेपासून ११-१२ सेंटिमीटर सरळ विणून झाले की टाळूकडे टाके कमी करायचे. ८४ टाक्यांचे १२-१२ चे सात भाग होतात. प्रत्येक भागात दहा टाके विणून शेवटचे दोन एकत्र विणले की त्या फेरीत सात टाके कमी होतात. मध्ये एक फेरी साधी घेऊन हे चालू ठेवावे. शेवटी १४ टाके उरतात. त्यांतून धागा ओवून आवळला आणि आतून पक्का केला की टोपी झाली. वर गोंडा लावायचा की नाही, ते घालणाऱ्याच्या वयावर ठरवावे. शाळकरी मुलांना गोंडा आवडतो, आजोबांना बहुधा नाही.

मफलर त्यामानाने सोपा, म्हणून नवशिकीने तिथूनच सुरुवात करावी. ४० टाके, २० सेंटिमीटर रुंदी आणि दीड मीटरच्या आसपास लांबी. दीडशे ते दोनशे ग्रॅम लोकर पुरते. मात्र एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण मफलरला घेऊ नये. तिच्या कडा आत वळतात आणि मफलरची नळी होते. सर्व ओळी सुलट विणाव्यात किंवा एक सुलट एक उलट टाका घेऊन पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल करावी. ही दाणेदार वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि सपाट राहते. क्रोशाने करायचा तर साखळीवर खांबांच्या ओळी घ्याव्यात. काम लवकर उरकते, पण लोकर अधिक लागते आणि कापड थोडे ताठ होते.

बाळाच्या टोपीबाबत जुन्या सवयी थोड्या बदलायला हव्यात. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि त्यातून बरीच उष्णता निघून जाते. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी धरून ठेवायच्या कांगारू पद्धतीत म्हणूनच टोपी आवर्जून घालतात. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली आणि आज भारतातल्या सरकारी रुग्णालयांतही वापरली जाते. पण सशक्त बाळाला घरात झोपवताना टोपी काढून ठेवावी. ते जास्त तापू शकते आणि टोपी नाकातोंडावर सरकू शकते. हनुवटीखाली बांधायचे लांब बंद, मणी, सैल बटणे आणि ओढून निघणारा गोंडा बाळाच्या टोपड्याला लावू नये. मफलर तर लहान मुलांना देऊच नये. पाळण्याच्या दोरीत, सायकलच्या चाकात किंवा चरकात अडकणारी ती वस्तू आहे. त्याऐवजी डोक्यावरून गळ्यात उतरणारी विणलेली पट्टी करावी.

भेट देताना धुण्याची रीत सांगणे हा विणणारीच्या कामाचाच भाग आहे. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की तिचे तंतू एकमेकांत अडकतात आणि मोठ्या माणसाची टोपी पोराच्या मापाची होते. गार पाणी, सौम्य साबण, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबणे आणि सावलीत आडवे पसरून वाळवणे, एवढे कागदावर लिहून टोपीबरोबर द्यावे. उरलेली मीटरभर लोकरही द्यावी, कुठे फास तुटला तर त्याच रंगाने सांधता येतो. पिढ्यांमागून वापरली जाणारी टोपडी अशाच काळजीने टिकली आहेत. सवडीने विणणाऱ्या हाताला एका टोपीसाठी तीन-चार संध्याकाळी आणि मफलरसाठी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून थंडीसाठीचे काम नवरात्रात तरी हाती घ्यायला हवे.

याच सुमारास श्रीगोंद्याच्या ऊसपट्ट्यात तोडणीचे मजूर येऊ लागतात. गाळप हंगाम आणि थंडी बरोबरच सुरू होतात. फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, तान्ही मुलेही असतात आणि पहाटे आई-बाप कोयता घेऊन निघाले की ती उघड्यावरच्या गारठ्यात राहतात. घरच्या बाळासाठी टोपडे विणून झाल्यावर गुंड्यात बहुतेक वेळा पन्नास ग्रॅमच्या आसपास लोकर उरते. तेवढ्यात आणखी एक लहान टोपी होते. यंदा ती विणावी आणि जवळच्या अंगणवाडीत किंवा थेट फडावर नेऊन द्यावी.