जबडा पुन्हा घडवितां येतो, दांतांचें काय?

सोलापुरांत पाहुणा आला कीं त्याच्या पानांत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पडावयाचीच. पापडासारखी पातळ, खडखडीत वाळलेली ही भाकरी दिवसच्या दिवस टिकते. मोडतांना तिचा एक आवाज होतो आणि दाढेखालीं गेल्यावर दुसरा. आमच्या परिचयाचे एक निवृत्त संस्कृत-शिक्षक या भाकरीचे मोठे भक्त. गेल्या वर्षीं त्यांच्या घरीं जेवावयास बसण्याचा योग आला, तेव्हां पंगतींत सर्वांच्या पानांत भाकरी होती आणि यजमानांच्या पुढें वाटीभर पेज. चाळीस वर्षें डाव्या गालांत धरलेल्या तंबाखू-चुन्याच्या चिमटीनें आपला हिशेब पुरा करून घेतला होता. हिरडीवर कर्करोग झाला, तो हाडांत उतरला, आणि खालच्या जबड्याचा डावा भाग काढून टाकावा लागला. त्या जागीं पायाचें हाड बसविलें होतें. चेहरा पाहून कोणास शंकाहि आली नसती. परंतु त्या नव्या हाडावर एकहि दांत नव्हता. ज्यांनीं दोन पिढ्यांकडून वर्णांचीं स्थानें पाठ करवून घेतलीं, त्यांचा स्वतःचा पवर्ग बधिर ओठांवर ठरत नव्हता. "जीव वाचला हो, पण जेवण राहिलें," एवढेंच ते म्हणाले.

त्या दिवसापासून हा विषय आम्हीं जाणत्यांकडून समजावून घेतला. जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालासारखें एक हाड. त्याचीं दोन्ही टोकें कानांपुढें बिजागरींत बसलेलीं असतात. हनुवटीचा भाग गेला तर जिभेचा पुढचा आधार सुटतो, ओठ लोंबतो, लाळ आवरत नाहीं. बाजूचा भाग गेला तर उरलेला जबडा त्या बाजूकडे ओढला जातो आणि वरचे-खालचे दांत एकमेकांस भेटेनासे होतात. हा प्रसंग केवळ तंबाखू खाणारांवरच येतो असें नाहीं. 'अमेलोब्लास्टोमा' नांवाची एक गांठ, कर्करोग नसूनहि, तरुण माणसांच्या जबड्यांत सावकाश आणि बहुधा न दुखतां वाढते व हाड पोखरते. तिच्यासाठींहि कित्येकदां हाडाचा तुकडा काढावाच लागतो. अपघातांचें तर सांगावयासच नको.

गेलेल्या हाडाच्या जागीं दुसरें बसवावयाचें यांत अवघड काय, असें प्रथम वाटतें. खरी अडचण रक्ताची आहे. शरीराचा एक भाग दुसरीकडे लावावयाचा तर त्याचा रक्तपुरवठा तुटूं देऊं नये, हें तत्त्व अठराव्या शतकांत पुण्याजवळच्या एका कारागिराला ठाऊक होतें. टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत इंग्रजी सैन्याचा कावसजी नांवाचा गाडीवान शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापलें गेलें. या कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी एका देठावर जिवंत ठेवून खालीं वळविली आणि नवें नाक घडविलें. तें वृत्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें १७९४ सालीं चित्रासह छापून आलें, आणि तें पाहून १८१४ मध्यें कार्प्यू नांवाच्या इंग्रज शल्यवैद्यानें तसाच प्रयोग केला. पहिल्या महायुद्धांत चेहरे व जबडे उडालेल्या शिपायांवर हॅरोल्ड गिलीज यांनीं सिडकप येथें जें काम केलें, तेंहि जिवंत देठाच्याच कातडीवर उभें होतें.

परंतु कातडी वळवितां येते, हाड वळत नाहीं. कमरेच्या हाडाचा नुसता तुकडा लहान खांचेंत जीव धरतो. खांच मोठी असली किंवा तेथें किरणोपचार झालेले असले तर तो बहुधा टिकत नाहीं. केवळ धातूची पट्टी बसवावी तर ती चावण्याच्या ताणानें कालांतरानें मोडते, नाहींतर कातडींतून बाहेर डोकावते. उत्तर सांपडलें तें पायांत. नडगीच्या बाहेरच्या अंगास एक सडपातळ हाड असतें. डॉक्टर त्यास 'फिब्युला' म्हणतात. शरीराचा भार मुख्यतः नडगीच पेलते, म्हणून हें हाड काढलें तरी माणूस चालतो. मेलबर्नच्या इयन टेलर यांनीं १९७५ मध्यें तें त्याच्या रक्तवाहिनीसह एका पायांतून दुसऱ्या पायांत नेल्याचें प्रसिद्ध केलें. १९८९ मध्यें न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनीं त्यापासून खालचा जबडा घडविल्याची हकीकत दिली, आणि आज जगभर हीच रीत प्रमुख झाली आहे.

शस्त्रक्रिया आठ-दहा तास चालते. एक तुकडी तोंडाकडे, दुसरी पायाकडे. घोट्याच्या व गुडघ्याच्या बाजूचा थोडा थोडा भाग राखून मधलें वीसएक सेंटिमीटर हाड मिळूं शकतें. सुतार सरळ लाकडापासून कमान करतांना जसे तिरपे छेद घेतो तसे छेद घेऊन त्या हाडाला नालाचा आकार देतात आणि टायटॅनियमच्या पट्टीनें जखडतात. मग खरी परीक्षा. दोन-तीन मिलिमीटर जाडीची रोहिणी मानेंतील रोहिणीशीं सूक्ष्मदर्शकाखालीं, केसाहून बारीक धाग्यानें शिवावयाची, नीलाहि तशाच. पहिले दोन-तीन दिवस परिचारिका रात्रंदिवस तासातासाला येऊन तोंडांतल्या त्या कातडीचा रंग पाहतात. ती काळीनिळी पडली तर रुग्णास तत्काळ पुन्हा शस्त्रक्रियागृहांत न्यावें लागतें. अनुभवी हातांत शंभरांपैकीं नव्वदाहून अधिक हाडें जीव धरतात. माणसाच्या हातांचें हें कौशल्य पाहून आम्ही थक्क झालों.

आणि तरीहि यजमानांच्या पुढें पेजच होती!

याचें कारण असें. साधी कवळी हिरडीच्या उंचवट्यावर बसते. नव्या जबड्यावर ना हिरडी, ना उंचवटा. तेथें पायाची जाड, निसरडी कातडी असते, तिच्यावर कधीं केसहि उगवतात. कवळी तेथें ठरणार कशी? दांत हाडांतच रोवावे लागतात. हा शोध स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांचा. तेहि दांतांच्या मागें नव्हते. सशाच्या पायाच्या हाडांत रक्त कसें वाहतें हें पाहण्यासाठीं त्यांनीं १९५२ च्या सुमारास टायटॅनियमची नळी बसविली, आणि ती काढूं गेले तों हाडानें तिला घट्ट धरलेलें! १९६५ मध्यें त्यांनीं पहिल्या माणसाच्या जबड्यांत असे खिळे बसविले. पायाच्या हाडांतहि ते धरतात. मात्र या हाडाची उंची मूळ जबड्याच्या जवळजवळ निम्मीच असते, म्हणून दांत उंच करावे लागतात किंवा हाड दुपदरी रचावें लागतें.

वेळहि फार लागतो. कर्करोग असल्यास शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आंत किरणोपचार सुरू करावयाचे असतात. त्यांनीं हाडांतील रक्त कमी होतें आणि खिळे धरण्याची खात्री घटते, म्हणून वैद्य पुष्कळदां कांहीं महिने थांबतात. मग खिळे, ते हाडाशीं एकजीव होईपर्यंत तीन ते सहा महिने, मग वरची कातडी पातळ करणें, मग मापें, मग दांत. कांहीं ठिकाणीं संगणकावर आधींच आराखडा आंखून हाड आणि दांत एकाच दिवशीं बसवितात, परंतु तें निवडक रुग्णांतच, विशेषतः गांठ कर्करोगाची नसतांना.

आपल्या जिल्ह्यास हा विषय परका नाहीं. बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, आणि देशांतील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग-नोंदवही १९८७ मध्यें तेथेंच सुरू झाली. गुटख्यावर महाराष्ट्रानें २०१२ मध्यें बंदी घातली. परंतु आमच्या घरांतील मशेरीच्या डबीवर बंदी कोणी घालावी? आजी ती दांत घासण्यास म्हणून लावते आणि नात पाहते. तोंडांतील पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा व्रण, दोन-तीन आठवड्यांत न गेल्यास वैद्यास दाखवावा. वेळीच दाखविल्यास कित्येकदां जबड्याची वरची कड तेवढी काढून भागतें. नाल अखंड राहतो.

शस्त्रक्रिया करावीच लागली तर आमची एकच विनंती आहे. जबडा काढण्यापूर्वींच दंतवैद्यास त्या मसलतींत बसवावें. किडलेले दांत किरणोपचारांच्या आधीं निघाले पाहिजेत, हें एक. आणि नवें हाड कोठें ठेवलें असतां त्यावर दांत वरच्या दांतांना भेटतील, हें तेव्हांच ठरतें, हें दुसरें. शिक्षकांच्या घरीं हें कोणी विचारलें नव्हतें. विचारावयाचें असतें हेंच कोणास ठाऊक नव्हतें. जीव वांचविण्याच्या घाईंत दांत ही चैनीची वस्तु वाटते, आणि पुढें त्यांचा खर्च ऐकून घरचीं माणसें गप्प बसतात. ज्याला वर्षभर पंगतींत सर्वांदेखत पेज प्यावी लागते, त्याला ती चैन वाटत नाहीं.

परवां त्यांच्याकडे गेलों. शस्त्रक्रियेला वर्ष होत आलें आहे. किरणोपचारांनीं आंखडलेलें तोंड उघडावें म्हणून ते लांकडी पट्ट्या एकीवर एक रचून दांतांमध्यें धरतात, दिवसांतून पांच वेळां. पुढच्या महिन्यांत खिळे बसवावयाचे आहेत. आम्हीं विचारतांच त्यांनीं पट्ट्या काढून आमच्यापुढें मोजल्या: चौदा. दिवाळींत नऊच मावत होत्या. आंतून काकूंनीं भाकरी आणली, आमटींत बुडवून मऊ केलेली, आणि त्यांनीं उजव्या बाजूनें, सावकाश, ती सबंध संपविली.