रविवारचं रामायण, सातचा इफ्तार

रमजानमधल्या रविवारी आमच्या घरी दोनदा गर्दी व्हायची. सकाळी साडेनऊला ‘रामायण’ पाहायला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास इफ्तारला. माणसं बरीचशी तीच असायची.

गोष्ट १९८७ सालची. गल्लीत टीव्ही एकच, आमचा. शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. अब्बांनी शिलाईच्या कामातून पैसे साठवून घेतलेला. पाहायला फक्त दूरदर्शन. बुधवारी चित्रहार, रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा. त्या वर्षी २५ जानेवारीला रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारची सकाळ गावाने त्याला देऊन टाकली. त्याच उन्हाळ्यात रमजान आला.

पहाटे सहेरीला उठलेली अम्मी नऊला जरा पाठ टेकणार, तोवर दारात चपलांचा ढीग. ती उठायची, सतरंजी अंथरायची, मुलांसाठी माठ पुढे सरकवायची. स्वतः मात्र रोज्यात. समोरच्या आजी सगळ्यात पुढे बसायच्या. एकदा त्या जास्वंदीचं फूल घेऊन आल्या. तेव्हा कित्येक घरांत टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. आजींनी टीव्हीकडे पाहिलं, भिंतीवरच्या मक्केच्या तसबिरीकडे पाहिलं आणि फूल शेवटपर्यंत ओंजळीतच धरलं. मग घरी जाऊन देवाला वाहिलं.

संध्याकाळी परतफेड व्हायची. सिनेमा ऐन रंगात आलेला असतानाच अजानची वेळ होई. कुणी सांगायची गरज नसे. आजींचा नातू उठून आवाज बंद करायचा. पडद्यावर मुकी मारामारी चाललेली आणि आम्ही खजूर तोंडात टाकतोय! भजी त्यालाही मिळायची.

पुढे २ ऑक्टोबर १९८८ला बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ आलं. संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे राहीसाहेब. आपल्या गावचा मोहरम आणि फाळणीने विस्कटलेली माणसं ‘आधा गाँव’ या कादंबरीत मांडणारे. आजींना अक्षरओळख बेताची. अब्बांनी पडद्यावरचं नाव वाचून दाखवलं.

“तुमच्यातले?” आजींनी विचारलं.

“हो.”

“मग आमच्या भीष्माचं मन यांना कसं कळलं?”

“वाचलं असेल, आजी. मन लावून.”

त्यानंतर एखादा संवाद आवडला की आजी अब्बांकडे बघून मान डोलवायच्या. जणू तो त्यांनीच लिहिलाय!

मग घरोघरी टीव्ही आले. पाठोपाठ केबल आली. भांडण झालं नाही, कुणी कुणाला दुखावलं नाही. फक्त येणं थांबलं. राहीसाहेब मार्च १९९२मध्ये गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देशात जे घडलं, ते त्यांना पाहावं लागलं नाही. त्या दिवसांत आमच्या गल्लीत काही झालं नाही, पण समोरचं दार बंद होतं आणि आमचंही. पाच वर्षांपूर्वी असतं तर आजी सवयीनेच विचारपूस करायला आल्या असत्या. कदाचित अम्मीच गेली असती.

आता वाटतं, आम्हाला जवळ आणलं ते मालिकांपेक्षा त्यांच्या वेळेने. ती चुकली की चुकली, म्हणून सगळे एकाच वेळी एका ठिकाणी येत. आज ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे. हवं तेव्हा पाहावं, हवं तिथे थांबवावं. इफ्तारची वेळ मात्र अजून तशीच आहे. ती थांबवून ठेवता येत नाही.

आजी आता नाहीत. परवा बाजारात त्यांचा नातू भेटला. डोक्यावरचे केस पिकलेत. येत्या रविवारी संध्याकाळी घरी ये म्हटलं.

“टीव्हीचा आवाज कोण बंद करणार?” त्याने विचारलं.

म्हटलं, तूच.